बटण दाबून बोललेले धडे

३ मार्च
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
फोन करू नकोस. डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितलाय, म्हणून ई-मेलवर पत्र. सोमवारी घशाचं ऑपरेशन आहे. गाठीबरोबर आवाजही जाणार, हे आता नक्की झालं. त्याआधी पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूमचे सहा धडे रेकॉर्ड करायचेत. स्क्रीनवर पंप आणि व्हॉल्व्ह दिसतील, वर माझं बोलणं. नव्या ऑपरेटरने घाईत व्हॉल्व्ह बंद केला तर मुख्य पाइप फुटेल, आणि हे कुठे लिहिलेलं नाही. कंट्रोल रूमच्या स्क्रीनची सरावाची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर आणलीय. रेकॉर्डिंगला सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? तू रोज मुलांसाठी असे धडे करतेस, मास्तरीणबाई. तुझी वहिनी वरवर शांत आहे.
लोभ आहेच, आता जरा जास्त लागेल.
दादा

४ मार्च
ती. दादास शि. सा. न.
पत्र वाचलं. रडायला वेळ नाही. तीन सॉफ्टवेअर तपासली. पहिलं फुकटात दहा मिनिटांनी थांबतं. दुसरं स्वतःचं नाव छापतं, तेही नेमकं प्रेशरच्या आकड्यांवर. तिसरं साधं आहे, पण माइकचा आवाज वेगळा ठेवतं. खोकला आला तर तेवढाच काढता येतो. तेच घे, लिंक खाली आहे. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐक. तू तसं करणार नाहीस, माहीत आहे.
तुझ्या मायेतली,
ठमी

६ मार्च
ती. दादास शि. सा. न.
तू रेकॉर्ड करून पाठवलेल्या सहाही फाइली ऐकल्या. मन घट्ट करून वाच: त्यांत धडे नाहीत. तू माइकचं बटण दाबून बोललास आणि थांबताना सोडलंस ना? तीस वर्षांची वायरलेसची सवय. इथे उलटं आहे, दाबून धरलं की माइक बंद. शिकवलंस ते सगळं गेलं. मधलं तेवढं राहिलं: खोकला, पाण्याचे घोट, आणि वहिनीशी बोललास ते. ते मी ऐकायला नको होतं. बटणाचं मी आधीच सांगायला हवं होतं. उद्याचा एकच दिवस आहे. त्या बटणाला हात लावू नकोस.
रागावलास तरी लोभ ठेव.
ठमी

७ मार्च
चि. ठमीस आशीर्वाद.
चूक तुझी नाही, माझ्या अंगठ्याची. आज सगळे धडे पुन्हा केले, डावा हात मांडीखाली दाबून. आधी एक मिनिट ऐकलंसुद्धा. पाचव्यात आवाज बसला. सहावा कुजबुजत पुरा केला. ऑपरेटरला म्हणावं, आवाज वाढवून ऐक. जुन्या फाइली पुसून टाक. भेदरलेला म्हातारा कोणाच्या कानावर पडायला नको.
उद्या सकाळी आठ वाजता नेतील. आठवण ठेव.
दादा

१० मार्च
सौ. ठमाताईंस स. न. वि. वि.
ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. हे वहीत लिहून चहा मागतात आणि मिळत नाही म्हणून नर्सबाईंवर चिडतात. धडे ऑफिसात पोचले, नवा ऑपरेटर दोनदा ऐकून कामाला बसला. बरं वाटलं. पण त्यांत हे ऑपरेटरशी बोलतात, साहेबासारखे. चुकलेल्या फाइलींत माझ्याशी बोलले होते. घाबरलोय, म्हणाले, जरा जवळ बस. एवढ्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच. त्या पुसायला यांनी सांगितलं होतं, हे मला काल कळलं. पुसल्या नसतील तर मला पाठवा. पुसल्या असतील तर एवढ्यात कळवू नका.
तुमचा जीव आमच्यावर आहे, तो असाच असू द्या.
वहिनी