अकरा मिनिटं थांबणारा चोर

कॉटनवुड बेंड, कॅन्सस
२ नोव्हेंबर

प्रिय नीवा,

तुला आणि तुझ्या नव्या खुब्याला, दोघांनाही आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तू वॉकर घेऊन दवाखान्याच्या कॅन्टीनपर्यंत गेलीस आणि कॉफी पाणचट आहे म्हणून तिथल्या बाईला सुनावून आलीस, हे वाचलं आणि माझी काळजी मिटली. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे, इथला वारा आणि चर्चमधल्या बायकांची भांडणं आपापल्या जागी आहेत. माझ्या मर्लला जाऊन गेल्या मंगळवारी दोन वर्षं झाली. त्याच्या थडग्याच्या दगडाभोवतीचं गवत मी स्वतः कापलं आणि नंतर दोन दिवस कंबर धरून बसले. (हे गेलनला कळवू नकोस. कंबर हा शब्द ऐकला की तो तळघराचा विषय काढतो.)

तर तळघराबद्दल. तुझा भाचा गेलन विचिटाला नवीन घरात राहायला गेल्यापासून त्याच्या मनात आहे की मी इथलं घर विकावं आणि त्याच्या तळघरात राहावं. तळघर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. गालिचा आहे, न्हाणीघर आहे, ट्रिना ज्याच्यावर कपडे वाळत घालते ते चालायचं मशीन आहे. खिडकी तेवढी नाही. मी चव्वेचाळीस वर्षं या घरात सकाळी उठून आधी गव्हाचं शेत बघते आणि मग चूल पेटवते. ट्रिना म्हणाली, "आई, आम्ही भिंतीवर शेताचं मोठं चित्र लावू की." मुलगी मनाने वाईट नाही, पण तेव्हापासून मी तिच्याशी जपून बोलते.

एवढ्यात ओरव्हिल हास्किटकडे चोरी झाली. ओरव्हिल म्हणजे आमचा पश्चिमेकडचा शेजारी, तू त्याला मर्लच्या दफनाला पाहिलंस, मोठ्याने नाक शिंकरत होता तो. त्याच्याकडे चौदा बंदुका. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात, आतून दिवा लावून ठेवलेल्या. शिवाय गाडीच्या मागे चिकटवलेलं, की या गाडीचा मालक हत्यारबंद आहे, विचार करून जवळ या. चोरांनी विचार केला. ओरव्हिल बायकोला घेऊन जत्रेला गेला त्या दुपारी ते आले आणि चौदाच्या चौदा घेऊन गेले, आणि जाता जाता गवत कापायचं मशीनही नेलं. चोर आले ते बंदुकांसाठी, गेले ते बंदुका घेऊन, आणि ज्या घरांत बंदुका नव्हत्या तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. यावरून सगळ्या गावाने एकमुखाने ठरवलं की आता प्रत्येक घरात बंदूक पाहिजे. ओरव्हिलने सोळा घेतल्या.

गेलनने त्याच संध्याकाळी फोन केला. म्हणाला, "आई, तू एकटी, रस्त्यापासून आत, आणि घरात साधी एक बंदूक नाही." मी म्हटलं, "बाबा रे, तुझ्या वडिलांच्या दोन होत्या. दफनानंतर दुसऱ्याच आठवड्यात तू आठवण म्हणून घेऊन गेलास." मग त्याने स्पष्टच सांगितलं: नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत घरात हत्यार आणि ते मला नीट वापरता येतंय याची त्याला खात्री, नाहीतर तळघर. कोणी सोबतीला असतं तर गोष्ट वेगळी होती, पण सोबत कोणाची, असंही म्हणाला. मुलगा काळजीने बोलत होता हे मला कळत होतं, त्यामुळे चिडताही येईना.

मग मी चौकशीला लागले. तुला सांगते, या गावात कोणाला गुडघ्यावर औषध विचारलं तर लोक डॉक्टरकडे बोट दाखवतात, पण बंदूक विचारली की प्रत्येक जण डॉक्टर. दाताचे डॉक्टर प्रूइट माझ्या तोंडात दोन हात घालून म्हणाले, "ओपलबाई, छऱ्याची बंदूक घ्या. गोळी भरल्याचा नुसता खटका ऐकला तरी चोर पळतो." नुसत्या आवाजाने भागत असेल तर नुसता आवाज कुठे विकत मिळतो, असं मला विचारायचं होतं, पण तोंडात कापूस होता. पाद्रीबाई म्हणाल्या, पिस्तूल, आणि तेही पर्समध्ये. त्यांचं पर्समध्येच असतं. मागच्या रविवारी प्रार्थनेत त्यांना खोकला आला, गोळी शोधताना त्यांनी आधी रुमाल, मग चष्म्याचं घर आणि मग पिस्तूल बाकावर काढून ठेवलं, तेव्हा पुढच्या दोन रांगा एकदम भाविक झाल्या. केस कापणारी म्हणाली, रायफल. पोस्टातला म्हणाला, प्रत्येक खोलीत एक. चोर कुठल्या खोलीतून येईल हे आधी सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. चोराला कुठल्या खोलीत जास्त हत्यारं मिळतील हेही मग सांगता येणार नाही, असं मी म्हटलं, तर त्याने माझ्या पाकिटावर शिक्का जरा जोरातच मारला.

दुकानात गेलनच मला घेऊन गेला. काउंटरवरच्या दाढीवाल्याने गेलनला विचारलं, "आजींच्या हातांत जोर किती आहे?" मी तिथेच उभी होते. मग त्याने एका बाजूची मांडणी दाखवली, तिथे बायकांसाठीचा माल. फिकट जांभळं रिव्हॉल्व्हर, त्याला जुळणारी जांभळी पर्स. मी विचारलं, चोराला रंग कशासाठी आवडायला हवा? त्याने पर्स उघडून आतला कप्पा दाखवला. नीवा, आपल्या बाबांनी आपल्याला दहाव्या वर्षी रानकोंबड्यांवर नेम धरायला शिकवलं, आणि गुळगुळीत बोटांचा हा पोरगा मला सांगत होता की नळीचं तोंड माणसाकडे करायचं नसतं. मी त्याच्या मागची एक छऱ्याची बंदूक मागितली, उघडून पाहिली, सुरक्षेचा खटका अडकतोय असं सांगून परत दिली. त्यानंतर तो माझ्याशी बोलायला लागला. पण गेलनला छऱ्याची पसंत नव्हती. लांब असते, दारात अडकते म्हणाला. त्याने एक काळं पिस्तूल निवडलं, आणि त्याच्यासाठी पलंगाशेजारी ठेवायची एक पेटी, जी बोट टेकवलं की उघडते.

मग खरेदीचा सरकारी फॉर्म. तुम्ही फरारी आहात का? तुम्हाला कोणी वेडं ठरवलं आहे का? या प्रश्नाला मी गेलनकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. मी "नाही" वर खूण केली.

पेटी घरी आली आणि पहिली अडचण ही, की तिला माझं बोट पटेना. दुकानात फोन केला तर ते म्हणाले, वय झालं की बोटांवरच्या रेघा झिजतात, मलम लावा. एकतीस वर्षं तिसरीच्या पोरांचे फळे पुसले, त्याआधी आणि नंतर भांडी घासली, आता रेघा कुठून आणू? गेलनचं बोट तिला लगेच पटलं. म्हणजे चोर आला की मी विचिटाला फोन करायचा, गेलनने दोन तास गाडी चालवून यायचं आणि पेटी उघडून मला द्यायची. शेवटी आकड्यांवर ठरलं.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर गेलनने सराव घेतला. (पिस्तुलातल्या गोळ्या काढून, तीनदा बघून. तेवढं त्याचं वळण चांगलं आहे.) तो चोर, मी मी, आणि ट्रिना फोनवर वेळ मोजणार. खरं तसंच करायचं म्हणून मी चष्मा काढून, कानातली मशीनं काढून पलंगावर पडले. स्वयंपाकघराचं दार वाजवून चोर आत आला. मला काहीच ऐकू आलं नाही. छान पडले होते. शेवटी ट्रिनाने येऊन खांदा हलवला आणि कानाशी ओरडून सांगितलं, "आई, चोर आलाय ना." मग मशीनं घातली, एक उलट कानात गेलं. चष्मा घातला, तो वाचायचा निघाला. आकडे दाबले, पेटीने तांबडा दिवा दाखवला. पुन्हा दाबले. गोळ्या दुसऱ्या कपाटात, कारण एकत्र ठेवायच्या नाहीत असं पुस्तकात लिहिलेलं. मी हॉलमध्ये पोचले तेव्हा अकरा मिनिटं झाली होती आणि चोर फुटबॉलची मॅच लावून माझा दुसरा दालचिनी रोल खात होता. तोंडात घास घेऊन म्हणाला, "आई, असं नाही चालायचं." ट्रिना इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मीही हसले. गेलन हसला नाही. जाताना, वेळ आली तर आपल्याला आत येता यावं म्हणून, त्याने मर्लची घराची चावी माझ्याकडून मागून घेतली आणि खिशात टाकली.

ते मला लागलं. मी ठरवलं, याला करूनच दाखवायचं. चष्मा दोरीने गळ्यात. मशीनं झोपताना कानातच. गोळ्या पिस्तुलात, पुस्तक गेलं उडत. रोज सकाळ-दुपार दहा दहा वेळा, मायक्रोवेव्हच्या घड्याळावर. पाच मिनिटं, तीन, दीड. ऑक्टोबर संपता संपता मी चाळीस सेकंदांच्या आत आले. गेलनला फोनवर सांगितलं तर तो खूश झाला, म्हणाला, "शाबास आई, मग तळघराचं बघू पुढच्या वर्षी." शाळेत बक्षीस मिळाल्यासारखी मी दिवसभर फिरत होते.

एकच झालं. मशीनं घालून झोपायला लागल्यापासून मला घर ऐकू येतं. फ्रीज, जिना, धान्याच्या कोठाराचे पंखे, वाऱ्याने हलणारा पत्रा. मर्ल गेल्यावर दोन वर्षं मी इथे एकटी राहिले आणि एक दिवस भ्याले नाही. ती पेटी घरात आल्यापासून मी भिते. दार दोनदा बघते. मागच्या आठवड्यात पोस्टातला पार्सल द्यायला आला तर मी पडद्याआडून त्याचे हात पाहिले.

तर काल, शुक्रवारी, मी पिस्तूल दुकानात परत देऊन आले. दाढीवाल्याने कारण विचारलं. मी सांगितलं, मनगट दुखतं. मग सांगितलं, काळा रंग खोलीत बरा दिसत नाही. त्याने ताबडतोब जांभळं दाखवलं. मी आभार मानून निघाले. पेटी जागेवर आहे, आत रानचेरीच्या जेलीची बाटली ठेवली आहे, हलवून बघितलं तर वजन साधारण जमतं. एवढीच हकीकत. खुब्याला जप, जिना एकेक पायरी उतर आणि त्या कॅन्टीनच्या बाईची माफी मागू नकोस, तिला पुढच्या माणसासाठी उपयोग होईल.

तुझी थोरली बहीण,
ओपल

ता. क. जेलीच्या दोन बाटल्या तुला पाठवणार होते, पण वाटलं, तूच येऊन घेऊन जा. किंवा घेऊन जाऊच नकोस, इथेच खा. नीवा, सरळच लिहिते. थँक्सगिव्हिंगला गेलन येईल आणि पेटी उघडून बघेल. तोच म्हणाला होता की सोबत असती तर गोष्ट वेगळी. तुझी झोप सावध, ओळखीच्या माणसावरसुद्धा तू आधी खेकसतेस आणि मग बघतेस, तुला कानात काही घालावं लागत नाही, आणि तुला पेटीत ठेवावं लागत नाही. माझं सगळ्या गावाला विचारून झालं, याहून बरं काही मला कोणी सुचवलं नाही. पोर्टलंडच्या त्या दोन खोल्यांत शेजारच्याच्या टीव्हीवर भिंत ठोकत बसण्यापेक्षा इथे ये. हिवाळ्यापुरती ये, मग पुढे बघू.

आणखी. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. मनगटाचं खोटं आहे.

परवा गुरुवारी सकाळी दहा वाजता मी स्वयंपाकघरात होते. मागच्या खोलीच्या खिडकीवर लोखंड खरवडल्याचा आवाज आला. पडद्यावर माणसाची सावली, हातात काहीतरी लांब. मी धावले नाही, रोजच्यासारखीच पेटीपर्यंत चालत गेले. आकडे एका दमात लागले. आयुष्यात इतक्या लवकर कधी जमलं नव्हतं. मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले, दोन्ही हातांनी धरलं आणि पडद्याच्या मधोमध नेम धरला. बाबा म्हणायचे, मनाशी पक्कं ठरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. माझं बोट चापावर होतं. तेवढ्यात ती सावली एका पायावर उभी राहिली आणि दुसऱ्या बुटाने पोटरी खाजवायला लागली. चार वर्षांचा असल्यापासून गेलन चर्चमध्ये असाच उभा राहतो. मी त्याला किती वेळा चिमटे काढले असतील त्याबद्दल.

मी पिस्तूल टॉवेलांच्या टोपलीत खाली घातलं आणि बाहेर गेले. म्हणाला, "दचकलीस का गं? सांगून आलो असतो तर तू रांधत बसली असतीस. म्हटलं, थंडीच्या आत तुझी ही खिडकी बदलून टाकू." मी म्हटलं, मला तर आवाजही आला नाही. कॉफी ओतताना माझ्याकडून बशीत सांडली, तर तो म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढलाय आई, डॉक्टरला दाखव." मी हो म्हटलं.

त्याला काही माहीत नाही, नीवा, आणि कधी कळू द्यायचं नाही. सांगितलं तर मी तळघरात जाईन, आणि त्याहून वाईट म्हणजे तो पुन्हा कधी न सांगता येणार नाही. नाही सांगितलं तर तो दुसरं पिस्तूल घेऊन येईल. म्हणून तू ये. मागची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे. खिडकी त्याने छान बसवली, आता तिथून वारा येत नाही.