रेइनिएरची गाणी

हिबारा,
३ मार्च २०१३

चिरंजीव रेइनिएर यास आईचे अनेक आशीर्वाद. कोब्रेच्या चर्चमधली माउली तुला सुखरूप ठेवो.

तू यंत्रं दुरुस्त करतोस त्या दवाखान्यातल्या नर्सबाईंबरोबर हे पत्र पाठवतेय. त्यांची रजा संपली, उद्या त्या परत बोलिव्हियाला निघतायत. सोबत पेरूच्या वड्या आहेत. वाटेत बाईंनी फस्त केल्या नाहीत तर तुझ्यापर्यंत पोचतील.

तू जोडून दिलेला कॉम्प्युटर माझ्यावर डूख धरून आहे. त्याच्या पेटीला झाकण नाही, आतल्या तारा उघड्या दिसतात, म्हणून मी वरून विणलेला रुमाल घातला, तर स्वारी तापून बंदच पडली. यामिले केवढी ओरडली! म्हणते, आई, त्याला हवा लागते. आता घरातला एकुलता एक पंखा त्याच्याकडे तोंड करून असतो आणि मी वहीने वारा घेत बसते. मालिकेत नायिका तोंड उघडायला आणि वीज जायला एकच गाठ. पण पत्त्यांचा डाव मात्र मी रोज लावते हं. डाव सुटला की पडद्यावर पत्ते उड्या मारत सुटतात आणि मी बासष्ट वर्षांची बाई टाळ्या पिटते.

काल शनिवार. यामिले शाळेत पेपर तपासत अडकली, म्हणून डिस्क भरून आणायला मी स्वतः नॉर्बेकडे गेले. गल्लीतल्या सगळ्यांच्या डिस्का त्याच्याकडे ओळीने मांडलेल्या, आठवड्याच्या मालिका भरायला. त्याने विचारलं, काकू, रेइनिएरची ती जुनी नाचाची गाणी अजून आहेत का? मी म्हटलं, अरे, त्याच्या नावाचा फोल्डर आहे, अख्खा उचल आणि सगळ्यांना वाट. तो गेल्यापासून गल्लीत कोणी नाचलेलं नाही. नॉर्बे एवढा खूश झाला की माझं काम त्याने सगळ्यांच्या आधी केलं.

पोटाचं म्हणशील तर होल्गिनच्या डॉक्टरांनी अल्सर सांगितलाय. यामिले गोळ्या देते, मी गिळते. कपडे मात्र ढगळ व्हायला लागलेत. तरुणपणी जे साधलं नाही ते आता साधतंय.

आहे तो लोभ राहू दे, आणि तिकडच्या थंडीत छाती झाकून फिरत जा.

तुझी आई,
ओनेलिया

कोचाबांबा,
१४ मार्च २०१३

चि. यामिलेस, दादाचे आशीर्वाद.

आईचं पत्र आज हातात पडलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तिने माझा गाण्यांचा फोल्डर नॉर्बेला देऊन टाकलाय. तिचे रिपोर्ट स्कॅन करून तू त्याच फोल्डरमध्ये ठेवले होतेस ना? त्या गोंगाटाला आई कधी हात लावत नाही, तिथे ते सुरक्षित राहतील, असं मला कळवलं होतंस. इथल्या डॉक्टरांना दाखवायला तू मला त्यांच्या प्रती पाठवल्यास, त्यानंतर तिथले पुसलेस का? पुसले असशील असं स्वतःला सांगतोय, पण मन ऐकत नाही.

त्या कागदावर तिचं पूर्ण नाव आहे. कॅन्सर हा शब्द आहे. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, हेही आहे. डिसेंबर उजाडला तर नशीब, असं डॉक्टरांनी तुला तोंडी सांगितलं तेव्हा आपण दोघांनी ठरवलं होतं, की उरलेले दिवस तिने अल्सर समजून हसत काढावेत. मामाला त्याचं दुखणं कळल्यावर तो सहा महिन्यांचं आयुष्य तीन आठवड्यांत संपवून गेला. आईचं तसं होऊ द्यायचं नाही.

फोनवर विचारता येत नाही, ती तुझ्या खांद्याला खांदा लावून उभी असते. मिळेल त्या माणसाबरोबर ताबडतोब उत्तर पाठव. माझा करार डिसेंबरपर्यंत आहे. आधी सोडावं म्हणून अर्ज केलाय, त्यावर अजून कोणी काही बोलत नाही.

तुझा,
रेइनिएर

हिबारा,
२८ मार्च २०१३

तीर्थरूप दादास, सा. न. वि. वि.

मी पुसले नव्हते, दादा. आज करू, उद्या करू, म्हणता म्हणता राहिलं. मला हवं ते बोल.

तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं. दुकानात रांगेत उभी होते, तर बायकांनी मला पुढे जाऊ दिलं. मग मिर्ताने, आपल्या शेजारणीने, माझा हात धरला आणि रडू लागली. तिच्या पोराने नाचायला म्हणून गाणी उघडली, तर मध्येच ते कागद दिसले. नॉर्बेला सांगितलं तेव्हा तो तसाच उठून निघाला. बिचारा घरोघर फिरून पुसत होता, पण आतापर्यंत त्या डिस्का पार पोर्तोपाद्रे गावापर्यंत गेल्यात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

आपल्या कॉम्प्युटरवरून मी तो फोल्डरच काढून टाकला. आईने विचारलं तर सांगितलं, व्हायरसने खाल्ला. गल्लीतल्या एकूण एक माणसाने तोंड बंद ठेवायची शपथ घेतलीये आणि ते पाळतातही. पण दादा, त्यांना चेहरे झाकता येत नाहीत. आई दारात आली की रस्त्यावरचं बोलणं थांबतं. ती सगळ्यांकडे एकेक करून बघते आणि आत येते. मला काही विचारत नाही. तिच्या न विचारण्याचीच मला भीती वाटते.

रागावलास तरी लोभ तोडू नकोस.

तुझी,
यामिले

हिबारा,
१४ एप्रिल २०१३

चि. रेइनिएर यास आशीर्वाद.

आज गमतीचं काही लिहीत नाही. हे पत्र यामिलेच्या नकळत लिहितेय, तूही तिला कळवू नकोस.

महिना झाला, या गल्लीला काहीतरी झालंय. कोणी रेशनची अंडी आणून देतं, कोणी कॉफीची पुडी. नॉर्बे डिस्क घरपोच आणतो आणि उंबऱ्याबाहेरूनच पळतो. मिर्ताशी डुकरांच्या खोपटावरून अकरा वर्षं माझा अबोला, ती येऊन गळ्यात पडली. कोण आपल्या हिश्शाची अंडी उगाच देतो रे? अशी अंडी मी आयुष्यात एकदाच पाहिली, शेजारच्या तेरेसाचा मुलगा समुद्रात बुडाला तेव्हा. आम्हा सगळ्यांना कळलं होतं, तिला दोन दिवस सांगितलं नव्हतं. त्या दोन दिवसांत मीही तिला अंडी नेऊन दिली होती.

मग पडद्यावरून तुझं नाव गेलं. तो फोल्डर कोपऱ्यात असायचा, मी रोज डाव मांडायच्या आधी त्याच्यावरून बाण फिरवायचे, तुझ्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखा. एक दिवस बघते तर जागा रिकामी. यामिले म्हणते व्हायरस. व्हायरसला सगळ्या घरात तुझंच नाव सापडलं का? ईस्टरला तू फोन केलास, माझा आवाज ऐकून मध्येच थांबलास आणि नंतर लाइन कट झाली होती म्हणालास. लाइन कट झाली नव्हती, रेइनिएर. मला तुझा श्वास ऐकू येत होता.

तुला काहीतरी झालंय. तिकडून कुठलासा कागद आला असेल, तो सगळ्यांनी वाचलाय आणि मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. फोनवर माणूस खोटं बोलतो, म्हणून मला तुझ्या हातचं अक्षर हवं. तुझ्या मेलेल्या बापाची शपथ घेऊन लिही. तोवर मी माउलीला नवस बोललेय, शिजवलेलं अन्न तोंडात घालणार नाही. यामिले ताट ठेवते, मी मागल्या दारी मिर्ताच्या डुकरांना घालते.

लोभाचं नंतर बघू, आधी खरं लिही.

आई

कोचाबांबा,
२५ एप्रिल २०१३

तीर्थरूप आईस, शि. सा. न. वि. वि.

बाबांची शपथ, मी ठणठणीत आहे. काल तीन मजले चढून एक यंत्र दुरुस्त केलं. सोबत आजच्या पेपरसकट काढलेला फोटो आहे.

आई, हे पत्र चार वेळा फाडलं. खोटं लिहिलं तर तू जेवणार नाहीस, आणि खरं लिहिलं तर काय होईल ते मला माहीत नाही. पण माझ्यासाठी तू उपाशी आहेस हे सोसवत नाही.

तो कागद होल्गिनहून आला होता. त्यावर तुझं नाव आहे. तो अल्सर नाही, कॅन्सर आहे, आणि डॉक्टरांनी डिसेंबरपर्यंतची मुदत सांगितलीये. लपवायचं मी ठरवलं, यामिलेने फक्त माझं ऐकलं. तिला काही बोलू नकोस. मला क्षमा कर.

तुझा,
रेइनिएर

हिबारा,
९ मे २०१३

चि. रेइनिएर यास आईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दारातच उभ्याने फोडलं. पहिल्यांदा फोटो पाहिला, मग पत्र वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वाचलेल्यावर विश्वास बसेना, म्हणून मिर्ताला हाक मारली आणि तिला मोठ्याने वाचायला लावलं. बाबांच्या शपथेपर्यंत ती नीट वाचत होती, पुढे ती रडायलाच लागली. तेव्हा मी तिच्या हातून कागद घेतला आणि तिला सांगितलं, अगं, रडतेस काय, माझा मुलगा धडधाकट आहे. आजारी आहे ती मीच! मी हसत होते, रेइनिएर, खरंच हसत होते. तिला वाटलं, मला वेड लागलं.

मग आत जाऊन भात आणि काळा घेवडा ताटभर वाढून घेतला. चार घासांवर गेला नाही, पण ते चार घास असे गोड लागले! यामिले शाळेतून आली, तिला मांडीवर घेऊन बसले. एवढी मोठी घोडी, पण मावली. काल सहा आठवड्यांनी पहिल्यांदा मी पाठ टेकल्याबरोबर झोपले.

भीती वाटत नाही असं नाही. वाटते. पण ती माझी माझ्यापुरती आहे, तिच्यात तू नाहीस. यामिलेने तुझ्या सुटीच्या अर्जाचं सांगितलं; त्याचं उत्तर आलं नाही तर पुन्हा दे, आणि वर लिही की आईला डिसेंबर लांब पडतो.

लोभ आहे तेवढा भरपूर आहे, तो वाढवत तिकडे बसू नकोस. लवकर ये.

तुझी आई,
ओनेलिया