हलव्याचा तुकडा

समिधा,

तू फर्स्ट शिफ्टवरून येशील तेव्हा मी सेकंडला गेलेला असेन. कुकरमध्ये भात आहे, नेहमीप्रमाणे भरपूर. डॉक्टरांनी माझ्या शुगरसाठी भात कमी करायला सांगितला आणि तुझ्या रक्तासाठी मासे वाढवायला. स्वराची हॉस्टेलची फी भरून उरलेल्या पगाराने नेमकं उलटं सांगितलं. आपण पगाराचं ऐकतो, कारण डॉक्टरांपेक्षा तो जास्त वेळा भेटतो.

रविवारी मासळीबाजारात सातपाटीच्या मावशी म्हणाल्या होत्या, "पापलेट तुला परवडायचा नाय भाऊ, हा बारका हलवा ने. बायकोला खायाला घाल." त्यातला शेवटचा तुकडा मी तुझ्यासाठी ठेवला. तू तो माझ्यासाठी ठेवलास. मी परत तुझ्यासाठी ठेवला. आज गुरुवार. डब्याचं झाकण उघडलं तर वास आला. इतके दिवस आपण दोघंही लोणचं-भात खाऊन एकमेकांची तब्येत सांभाळत होतो.

तुकडा जिन्यातल्या मांजरीला घातला. दोन अंडी उकडली होती, त्यातलं एक मी खाल्लंय. टरफल पुरावा म्हणून ओट्यावर ठेवलंय. दुसरं तुझं आहे, माझ्यासाठी ठेवू नकोस. तुझं टरफल माझ्या टरफलाशेजारी ठेव, म्हणजे आल्यावर तुला न उठवता कळेल.

माझं अंडं मी जिन्यातच बसून खाल्लं, मांजरीसमोर. बऱ्याच दिवसांनी कुणाच्या तरी सोबतीने जेवलो.

कैलास