तुझे सकाळचे जर्क

आई, आपल्या घरात इंग्रजी शब्द बेताचेच होते, पण त्यातला एक तू पोटच्या पोरासारखा सांभाळलास. रिक्षा खड्ड्यात गेली की जर्क बसायचा, शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला की ते जर्क मारायचं, बाबा फॅक्टरीतून मान धरून आले की तोही जर्कच. एवढं तर अंबरनाथमध्ये सगळेच म्हणत. तू त्यात आपलं एक घातलंस. सकाळी उठल्या उठल्या तुझा हात आपोआप उडायचा, कपबशी थेट मोरीत जायची, आणि तू फडकं घेऊन शांतपणे म्हणायचीस, "काही नाही गं, जर्क बसला." शेजारणींना तेवढं पुरायचं.

चामटोलीच्या मामाला पुरत नसे. एका सकाळी तू त्याच्यासमोरच आडवी झालीस, दातखीळ बसली. त्यानं कांदा फोडून तुझ्या नाकाशी धरला आणि तू उठून बसल्यावर म्हणाला, "ताई, आकडी हाय ही. डॉक्टरला दाखव." तू पदर सावरून त्याच्यावरच उखडलीस, "हळू बोल. पोरगी उजवायचीय मला." पोरगी म्हणजे मी, तेव्हा नववीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं लग्न नीट पार पडलं, आणि पुढे अशाच एका सकाळी, एकदाही औषध न घेता, तू मोरीत पडलीस ती उठली नाहीस. माझ्यासाठी गप्प राहिलीस, याचा मला अजून राग येतो.

आता तुझी नात. कॅम्प तीन भागातल्या जीन्सच्या कारखान्यात माल पाठवायचं काम बघते. गेल्या वर्षी सकाळी तिच्या हातून मोबाइल उडाला, मग चहाचा कप. मी म्हटलं, जर्क असेल. ती मात्र स्वतःच डॉक्टरकडे गेली. डॉक्टरही जर्कच म्हणाले, फक्त पुढे आजाराचं नाव जोडलं आणि रोजची गोळी लिहून दिली. तेव्हापासून कप फुटलेला नाही.

परवा बदलापूरची मंडळी तिला बघायला आली. मी आधीच बजावलं होतं, "पहिल्याच दिवशी कशाला सांगतेस?" ती म्हणाली, "मम्मी, मग कधी? मांडवात पडल्यावर?" मुलगा तिला आवडला होता, ते मला दिसत होतं. तरी पोह्यांच्या बश्या ठेवून ती त्याच्या आईला म्हणाली, "काकू, मला फिट येते. गोळी चालू आहे, जॉबपण चालू आहे. चालणार असेल तरच पुढचं बोलू." त्या बाईंनी पोह्यांची बशी थोडी पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "घरी बोलून कळवतो."

अजून फोन आलेला नाही. ती कामावर जाते, येते, जेवते, पण रिंग वाजली की मोबाइल आधी उलटा ठेवते आणि मग बघते. हे पत्र काही कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. ती बोलत होती तेव्हा तू तिथे असतीस, तर तुझ्या चेहऱ्याकडे बघून मी तिला गप्प केलं असतं. तू नाहीस, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.