कालची वाटी

ती. आईस,
दुरूनच पाया पडते.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा खोकला गेला का?

इथे खारफुटीतला चिखल आणि गोगलगायी तपासतेय. दोन्हींत शिसं फार निघालं. फेरतपासणी होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, असं साहेबांनी बजावलंय.

घरमालकीण त्याच खारफुटीतल्या गोगलगायी शिजवते. काल माझ्यापुढे वाटी सरकवत म्हणाली, "लाजतेस काय, खा पोटभर!" पोट बिघडलंय असं खोटंच सांगून मी सुटले. शेजारी तिची गरोदर सून चाटूनपुसून खात होती.

अर्धवट माहितीवर बोलू नये, हे तूच शिकवलंस. आज सकाळी ते मोडलं, घरमालकिणीला शिशाचं सांगून टाकलं. तिने अख्खं पातेलं ओतून दिलं आणि म्हणाली, "मग काल तोंडाला कुलूप होतं का गं?"

यावर काय बोलायचं, आई?

तुझी,
धाकटी