पहिलं वाक्य जिवाचं

प्रिय बाबा,

तू जाऊन दीड वर्ष होईल. इतक्या दिवसांत तुला पत्र लिहावंसं कधी वाटलं नाही, आणि आज वाटलं ते काही तुझी आठवण दाटून आली म्हणून नाही. आज मला लाज वाटतेय, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

झालंय असं, की मी जिथे शिकले त्या विभागातल्या मॅडमचा फोन आला. शनिवारी नव्या मुलांसमोर बोलायचंय. विषय काय, तर संस्थात्मक संवाद शिकून पुढे काय करता येतं! सोबत स्वतःच्या कामाचा एक चांगला नमुना आणायचा. तो कुठला न्यायचा हे आमच्या साहेबांनी परस्पर ठरवूनही टाकलं. गेल्या महिन्यात आमच्या गोदामात सलीमला अपघात झाला, तेव्हा मी त्याच्या बायकोला पाठवलेला मेसेज न्यायचा. "शब्दांचा काय तोल सांभाळलास!" म्हणाले. मी थँक यू सर म्हटलं, बाबा. चांगलं हसून म्हटलं.

तुला आठवतं, मी हा विषय घेतला तेव्हा तू काय म्हणाला होतास? बंदरावरून येऊन तू पायरीवर बसून पाय धूत होतास. मी विषयाचं नाव सांगितलं आणि तू तांब्या खाली ठेवलास.

"म्हंजे कंपनीत मानसान मानसाशी कसा बोलायचा, ता शिकवतान? आन त्याला दोन वर्षा लागतान?"

मी चिडले होते. मग बोटं मोजून तुला सगळ्या नोकऱ्या ऐकवल्या. जनसंपर्क, मनुष्यबळ विभाग, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, कंपनीचं मासिक, युनियनशी बोलणी. आणि शेवटी, अपघात वगैरे झाला तर कुणाला काय आणि कधी कळवायचं ते बघणं. बाकीच्यांवर तू नुसती मान हलवलीस. ह्या शेवटच्यावर मात्र थांबलास.

"ता काम कोनी मागून घेत न्हाय, बाय. ता आंगावर येता."

तुझ्या अंगावर ते किती वेळा आलं होतं! न्हावा शेव्याला तू एका टोळीचा मुकादम. टोळीतल्या कुणाला लागलं, की घरी कळवायला तूच जायचास. साहेब लोक फोन करतो म्हणायचे, तर तू नको म्हणायचास. एकदा मला सायकलवर मागे बसवून नेलंस. मी चौथीत असेन. भर दुपार होती आणि पांडूकाकांच्या अंगणात काकी तांदूळ पाखडत होत्या. तू चपला काढल्यास, ओटीवर टेकलास आणि आधी म्हणालास, "पांडू जिता हाय. हाताला लागलाय." त्यानंतर म्हणालास, "वैनी, जरा पानी दे." काकी उठल्या, आत गेल्या, पाणी आणलं. तेवढ्या वेळात त्यांचा श्वास जागेवर आला. मग तू बोटं गेल्याचं सांगितलंस. शेजारच्या बाया जमेपर्यंत आपण तिथून हललो नाही.

परतताना मी विचारलं, "तुला एवढी तहान लागलेली?" तू म्हणालास, "न्हाय गो. तिच्या हाताला काम पायजे होता."

पुढे प्रबंधासाठी मी तुझीच मुलाखत घेतली. रेकॉर्डर समोर ठेवल्यावर तू एकदम ताठ बसलास, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलंस! मी विचारलं, वाईट बातमी सांगण्याची तुझी काही पद्धत आहे का? तू बराच वेळ विचार करून म्हणालास, "पैला वाक्य जिवाचा. मानूस हाय का न्हाय. बाकीचा सगला मागनं."

ह्या वाक्याचं मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा 'इंग्रजीत आहे, तुला कळणार नाही' म्हणून उडवून लावलं. आता सांगते. तुझी पद्धत मी त्रुटींच्या प्रकरणात घातली. लेखी नोंद नाही, मजकुराला मंजुरी नाही, सगळं एका माणसाच्या मर्जीवर. बाहेरून आलेल्या परीक्षकांना हा भाग फार आवडला. त्यांच्यासोबत मीही तुला हसले, बाबा. पेढे घेऊन घरी आले तेव्हा पहिला पेढा तू खाल्लास, आणि मी तुला तो खाऊ दिला.

आता सलीमचं. हा रेवदंड्याचा पोरगा, आमच्या गोदामात माल चढवायचा. त्या सकाळी लाकडी खोका घसरला आणि त्याच्या पायावर आला. साडेदहाला हॉस्पिटलमधून मला फोन आला, की पेशंट शुद्धीवर आहे, जिवाला धोका नाही, पायाचं ऑपरेशन करावं लागेल. ही खबर माझ्या हातात होती. आणि घरी कळवण्याचं काम माझं होतं.

मी काय केलं? संगणकासमोर बसले. पहिलं वाक्य लिहिलं, 'कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हे आमच्या कंपनीचं सर्वोच्च प्राधान्य आहे.' मग 'आज सकाळी एक दुर्दैवी घटना घडली.' मग 'आपले पती सलीम यांना आवश्यक ते सर्व साहाय्य पुरवण्यात येत आहे.' वकिलांनी 'जखमी' शब्द काढायला लावला, मी काढला. शेवटी 'अधिक माहिती यथावकाश कळवण्यात येईल' आणि एक फोन नंबर. अकरा वाजता मेसेज त्याच्या बायकोला, रुबीनाला गेला आणि मी चहा प्यायले.

त्या नंबरावर आधी कंपनीची धून वाजते, मग बाई सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ती धून निवडणाऱ्या समितीत मी होते! रुबीना दोन तास ती ऐकत होती. माझ्या टेबलावरचा फोन वाजला तेव्हा एक वाजून गेला होता.

"मॅडम, ते हायत ना?"

एवढंच. मागे बायकांचा रडण्याचा आवाज येत होता. मेसेज वाचून मोहल्ल्यातले लोक जमले होते. कुणीतरी गाडी बघायला गेलं होतं, मय्यत आणायला. आणि तुझ्या लेकीनं काय केलं माहीत आहे? तिनं समोरच्या मंजूर कागदाकडे पाहिलं. ह्या प्रश्नाचं उत्तर देण्याची आपल्याला परवानगी आहे का, ते शोधायला. मग कुठे मी म्हणाले, "हो, आहेत." तिकडे फोन खाली पडल्याचा आवाज आला, मग तिनं तो उचलून पुन्हा कानाला लावला.

सगळे मला म्हणतात, "तू नियमानं केलंस." खोटं आहे ते! मेसेजात काय लिहायचं त्याला नियम होता, पण तिला फोन करायला कुणीच मनाई केली नव्हती. मी केला नाही, कारण मला तिचं रडणं ऐकायचं नव्हतं. लिहून पाठवलं की ऐकावं लागत नाही. दोन वर्षं शिकून मी एवढंच शिकले काय रे?

आणि मला माहीत नव्हतं, असं तर मुळीच म्हणता येत नाही. तुझी खबर मला कशी मिळाली ते तुला कोण सांगणार? तू सकाळी गेलास. चुलतभाऊ मला फोन लावत होता, तर तुझ्या टोळीतल्या दामूकाकांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "मुकादम सगल्यांच्या घरी सोता गेला. त्याच्या पोरीला फोनवर सांगायचा काय?" म्हणाले आणि गावातून निघून बेलापूरला माझ्या ऑफिसात आले. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, काय काम आहे? ते म्हणाले, तिलाच सांगन. मी मीटिंगमध्ये होते. कंपनीच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर निळा रंग हवा की हिरवा, ह्याच्यावर चर्चा चालली होती. मला निरोप आला, गावचे कोणी दामू आलेत. मी म्हटलं, थांबायला सांग.

चाळीस मिनिटं थांबले, बाबा. सोफ्यावर बसले नाहीत, उभेच राहिले. मी बाहेर आले ती कपाळाला आठी घालून. त्यांनी माझा हात धरला. "मनी, बाबा गेला गो. सकाली. चल, मी हाय." मी तिथेच खाली बसले. त्यांनी कुणाकडून तरी पाणी मागून घेतलं आणि मला घरी आणलं. सगळ्या रस्त्यात त्यांनी माझा हात सोडला नाही. माझ्याशी कुणी इतकं नीट वागलं होतं, आणि तरी दीड वर्षाच्या आत मी रुबीनाशी अशी वागले.

तुझ्यावरही राग आहे माझा, लपवत नाही. आठ दिवस छातीत दुखत होतं म्हणे. जगाच्या घरी जाऊन सांगणारा माणूस तू, स्वतःचं का नाही कुणाला सांगितलंस? मला एक फोन करता आला नाही? की केला होतास आणि मीच नंतर करते म्हणाले होते? मला खरंच आठवत नाही, आणि फोनमधली जुनी यादी उघडून बघायची हिंमत होत नाही.

सलीम आता घरी आहे. पायात सळई घातलीय. कंपनीनं फुलं पाठवली, सोबतचं कार्ड मीच लिहिलं. रुबीनाशी त्या दिवसानंतर मी एकदाही बोललेले नाही.

तर बाबा, तुला शब्द देते. शुक्रवारी रजा टाकलीय. कारंज्याहून लाँच पकडून रेवसला उतरेन, तिथून अलिबाग, पुढे रिक्षानं रेवदंडा. कंपनीचं पत्र नेणार नाही, साहेबांना विचारणारही नाही. रुबीनाला समोर बसून सांगेन, की तुझा नवरा जिवंत आहे हे मला साडेदहालाच माहीत होतं. हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आम्हालाही तेव्हा माहीत नव्हतं. त्या दिवशी फोन ठेवताना ती मला दुवा देत होती, बाबा.

तुझी,
मनी

ता. क. शनिवारी मुलांना तोच मेसेज दाखवणार आहे. साहेबांना वाटतंय तसा चांगला नमुना म्हणून नाही, कसं कळवू नये ते सांगायला. नोकरी राहिली नाही, तर आईला मी स्वतः घरी येऊन सांगेन.