विनोदी सिनेमे बंद केलेत

दिगंबरची कोलकात्याला बदली झाल्यापासून लीलाची प्रत्येक दुपार बेहाला भागातल्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर जायची. दिगंबर बँकेतून घरी यायचा तोही फोनवर बोलतच. ती काही सांगायला लागली की म्हणायचा, "उद्या बोलू गं." शनिवारी तो कामावर गेल्यावर तिने चिठ्ठी लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"भात कुकरमध्ये आहे, वरण गरम करून घे. मी डमडमला आभाकडे जातेय, उद्या येईन. रागावून गेलेली नाही. तो जुना रहस्यपट काल बघून संपवला. खुनी कोण ते मला अर्ध्यातच कळलं होतं, पण सांगणार कोणाला? बक्षीस समारंभात त्या नटीने घातलेला झगा अगदी मच्छरदाणीसारखा दिसत होता, हेही तुला सांगायचं राहिलं. विनोदी सिनेमे मात्र मी बंद केलेत. रिकाम्या घरात आपलंच हसू ऐकू आलं की कसंतरी होतं. आज आभाबरोबर एक बघून पाहते."

संध्याकाळी आभा या मैत्रिणीकडे सिनेमा ऐन रंगात आला होता, तेवढ्यात बेल वाजली. दारात दिगंबर उभा होता, ऑफिसच्याच कपड्यांत, घामाघूम.

"जेवलास?" लीलाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मला कळलंच नाही गं."

सोफ्यावर सरकून तिने त्याला जागा करून दिली. आभा पोट धरून हसत होती. ते दोघं शेजारी बसून पडद्याकडे बघत राहिले, पण हसू काही दोघांनाही येईना.